थंड मुलखातली शिफारस

विदरबी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात माणसांना मुलूख वाटून दिलेले असतात. कुणाकडे न्यूयॉर्क, कुणाकडे कॅलिफोर्निया, कुणाकडे बॉस्टनच्या आसपासच्या त्या शाळा, जिथली पोरं पहिला शब्दसुद्धा मुलाखत दिल्यासारखा उच्चारतात. आर्डिस लोकेनकडे दोन्ही डकोटा आणि मोंटाना. हा मुलूख तिने मागून घेतलेला नव्हता. ती टंकलेखनासाठी म्हणून तात्पुरती आली, तेव्हा भिंतीवरच्या नकाशात एवढाच तुकडा कुणाच्या नावाने रंगवलेला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "अगं, तू तिकडचीच ना?" ती तिकडचीच होती. त्या तात्पुरतेपणाला आता केस पिकण्याइतका काळ लोटला होता.

नॉर्थ डकोटा सोडून ती व्हर्माँटच्या डोंगरात आली ती एका सुताराच्या प्रेमापोटी. सुतार पुढे फ्लोरिडाला निघून गेला. उन्हासाठी जातो, असं तो म्हणाला. त्या उन्हाचं नाव शेरिल होतं. आर्डिस मागे राहिली. घर तिचं तिने रंगवलं, आणि दर ऑक्टोबरात मुलूखगिरीला निघू लागली. भाड्याची गाडी, मागच्या सीटवर माहितीपत्रकांचं खोकं. माहितीपत्रकावर लालभडक मेपलच्या झाडाखाली तीन विद्यार्थी हसत बसलेले असत. कशाला हसतात हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं, पण दरवर्षी तीनजण नवे मिळत.

लोक तिला लग्नात, दवाखान्यात, किराणा दुकानाच्या रांगेत गाठून विचारत, "तुम्ही लोक नेमकं बघता तरी काय?"

"अख्खा माणूस बघतो," आर्डिस म्हणायची. हे वाक्य कार्यालयात सगळ्यांना पाठ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या अख्ख्या माणसाच्या वाट्याला अंडं उकडायला लागतो साधारण तेवढा वेळ यायचा. तेवढ्यात गुण बघायचे, विषय सोपे घेतले की अवघड ते बघायचं, निबंध, उपक्रम, शिक्षकांची पत्रं. शिवाय कॉलेजची स्वतःची गरज असायचीच: यंदा वाद्यवृंदात ओबो वाजवणारं कुणी नाही, हॉकीचा गोलरक्षक पदवी घेऊन चालला, आणि लॅटिनच्या प्राध्यापकांना वर्गात एकटं वाटतं. जगातली सगळ्यात हुशार मुलगी त्या वर्षी ओबो वाजवत नसेल, तर त्यात तिचा काही दोष नसतो. पण तसं पत्रात लिहिण्याची पद्धत नाही.

आर्डिसची खरी नोकरी मात्र वेगळीच होती. ती दुभाष्याची होती. तिच्या मुलखात कौतुक मिठासारखं वापरतात, म्हणजे रक्तदाब असलेल्याच्या घरात वापरतात तसं. तिच्या वडिलांनी आईच्या स्वयंपाकाबद्दल उभ्या जन्मात "खाण्यासारखं झालंय" एवढंच एकदा म्हटलं, आणि आई ते माहेरी जाऊन सांगायची. तेव्हा तिकडच्या एखाद्या शिक्षकाने "मुलगा वाईट नाही" असं लिहिलं, की ते इकडच्या भाषेत काय होतं हे आर्डिसने बैठकीत उलगडून सांगायचं, असा शिरस्ता पडला होता.

त्या ऑक्टोबरात ती नॉर्डालला, म्हणजे स्वतःच्याच माहेरगावी गेली. नॉर्डालच्या शाळेत बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळे एकाच इमारतीत. गणित शिकवणारे, मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला देणारे आणि सकाळी बस चालवणारे हे तिन्ही गृहस्थ म्हणजे ऑर्विल स्टेनरुड. त्याने आर्डिसला वाचनालयात बसवलं, पातळ कॉफी दिली आणि पोरं आणून सोडली. त्यातली बहुतेक बीजगणिताचा तास चुकवायला आलेली होती. एकटी सिग्ने ओप्सेट शेवटपर्यंत कोट मांडीवर घेऊन बसली, आणि बाकीचे पांगल्यावर पुढे आली.

"मिसेस लोकेन, एक विचारू?"

"विचार की."

"तुमची रसायनाची प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का?"

"असते," आर्डिस म्हणाली. अशा वेळी प्रवेश अधिकाऱ्याची जीभ आपोआप चालते.

"मग छान. इथे प्रयोगशाळा नाही. कपाट आहे. आत तराजू आहे असं म्हणतात, पण किल्ली हरवलीय."

"आणखी कुठे अर्ज करणार आहेस?"

"इथल्या सरकारी कॉलेजात. पण तिथले रसायनाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आणि तुमच्याकडे."

"बस? एवढी कॉलेजं पडलीत. आम्हीच का?"

सिग्नेने या प्रश्नावर थोडा विचार केला. "तुम्ही आलात ना," ती म्हणाली.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या सूर्यफुलांची रानं होती, आणि आर्डिसला उगीचच वाटत राहिलं की आपण तिथे काहीतरी गहाण ठेवून आलोय.

मार्चात बैठका सुरू झाल्या. लांबट टेबल, सातजण, आणि प्रमुखाच्या खुर्चीत डेल्फिन आर्शाम्बो. कॅनडाच्या सीमेलगतच्या गवळ्यांच्या घराण्यातली बाई. बोलण्यात लोणी, निर्णयात सुरी. तिच्या डाव्या हाताला केंड्रिक. न्यूयॉर्कचा मुलूख त्याचा. वयाने सगळ्यांत लहान, पण वाचलेलं लक्षात ठेवणारा, आणि म्हणून जरा गैरसोयीचा.

"सिग्ने ओप्सेट, नॉर्डाल, नॉर्थ डकोटा," आर्डिसने सुरुवात केली. "गुण वरचे. शाळेत जे अवघड विषय आहेत ते सगळे घेतलेत. जे नाहीत ते घेतलेले नाहीत."

"उपक्रम?" डेल्फिनने विचारलं.

"बँड. बास्केटबॉल. चर्च."

"चर्च म्हणजे काय?" केंड्रिक म्हणाला.

"चर्च, असं लिहिलंय."

"निबंध?"

"कडाक्याच्या थंडीत गाडी कशी सुरू करायची, यावर."

"रूपक आहे का?" डेल्फिनच्या आवाजात आशा होती.

"नाही. गाडीच आहे."

"आणि शिक्षकांचं पत्र?"

आर्डिसने वाचलं. "सिग्ने चांगली विद्यार्थिनी आहे. तिचा कधी त्रास झाला नाही. तुमच्याकडे ती ठीक राहील."

तिने मान वर केली.

"पुढे?" केंड्रिक म्हणाला.

"पुढे सही."

"हे पत्र आहे की पार्सलवरची सूचना? या बाजूने उघडा, उन्हात ठेवू नका."

टेबलाभोवती हशा पिकला. आर्डिसही हसली, ती विनोदाला कधी आडवी जात नसे. मग तिने नेहमीचं समजावून सांगितलं, की त्या मुलखात हे कमी नाही, हे भरपूर आहे.

"आर्डिस, राग मानू नकोस," केंड्रिक म्हणाला, "पण दरवर्षी तू हेच सांगतेस. ते कमी बोलतात, म्हणजे त्यांना जास्त म्हणायचं असतं. मान्य. पण मग तिकडचं प्रत्येक कोरडं पत्र म्हणजे स्तुतिस्तोत्रच धरायचं का? खरंच यथातथा असलेल्या मुलीबद्दल तिथला मास्तर काय लिहील? हेच ना? मग आपण ओळखायचं कसं?"

प्रश्न वाजवी होता. शिवाय नॉर्थ डकोटातून यंदा एक मुलगी आधीच घेऊन झाली होती. फार्गोच्या एका दंतवैद्याच्या मुलीने स्वतःच्या अपयशाबद्दल इतक्या यशस्वीपणे लिहिलं होतं की डेल्फिनने चष्मा काढून पुसला होता. सिग्नेसाठी दोन हात वर आले. त्यातला एक वर येता येता चष्म्याकडे वळला.

"पुढचा," डेल्फिन म्हणाली.

"थांब," आर्डिस म्हणाली. उठून ती खिडकीखालच्या, खोली तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरपाशी गेली आणि कोटाच्या खिशातला एक लोकरी हातमोजा तिने त्यावर ठेवला.

ही विदरबीची जुनी चाल. कागदांचा जमाना होता तेव्हा प्रत्येकाला हंगामात एकच हरलेलं प्रकरण रेडिएटरवर ठेवायची मुभा असे, म्हणजे ते गार होत नसे. शेवटच्या दिवशी ते पुन्हा ऐकायचं. प्रकरणं संगणकात गेल्यापासून लोक रेडिएटरवर आपली एखादी वस्तू ठेवत. केंड्रिकचा कॉफीचा पेला तिथे आधीच होता. पण रेडिएटरवरून उतरून आत आलेल्या मुलाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची, हा त्यातला न लिहिलेला भाग होता. म्हणून पुष्कळ जण हंगामभर काहीच ठेवत नसत.

त्या आठवड्यात व्हर्माँटच्या मार्चात आर्डिस एका हातात मोजा आणि एक हात उघडा अशी हिंडली. दुसरी जोडी घरात होती. ती तिने काढली नाही.

"हातमोजा हरवला का गं?" पोस्टातल्या बाईने विचारलं.

"नाही. शेकत ठेवलाय."

नॉर्डालला फोन लावला तो दुपारच्या सुट्टीत. हवामानावाचून तिकडे कोणतंही बोलणं सुरू होत नाही, त्यामुळे आधी ते उरकलं.

"रस्ते कसे आहेत तिकडे?" ऑर्विल म्हणाला.

"बरे आहेत. तुमच्याकडे?"

"आहेत."

"ऑर्विल, सिग्नेच्या पत्रात तू तीन वाक्यं लिहिलीस."

"तीन? मला वाटलं दोन."

"मला आणखी थोडं दे."

"काय आणखी?"

"कौतुक. चिमूटभर."

"केलंय की. चांगली विद्यार्थिनी म्हटलंय."

"इथल्या लोकांना तेवढं पुरत नाही."

"का? कमी ऐकू येतं का त्यांना?"

"उत्कृष्ट आहे, असं म्हणशील?"

फोनवर मागे शाळेची घंटा वाजली. "उत्कृष्ट," ऑर्विल म्हणाला, जणू कुणी त्याला अंगावर घालायला रेशमी झबलं दिलंय. "असं म्हणायला लागलो, तर गहू खरंच चांगला येईल त्या वर्षी काय म्हणायचं?"

आर्डिसचा तोल किंचित गेला. "ट्रेंटच्या वेळी बरं सुचलं होतं तुला! त्याच्यासाठी दीड पान लिहिलंस. मनमिळाऊ काय, जिद्दी काय, मोकळा स्वभाव काय."

"त्याला लागणार होतं."

"म्हणजे?"

"पोरगा कच्चा होता, आर्डिस. पाय मुरगळलेल्याला काठी देतात. धावणाऱ्याच्या हातात दिली तर तो अडखळेल. तुला ठाऊक असेल असं धरून चाललो होतो मी. तू इकडचीच."

ट्रेंट हा तीन वर्षांपूर्वी तिच्याच हातमोज्याने रेडिएटरवरून आत आला होता. ते दीड पान पाहून तिला वाटलं होतं की अखेर ऑर्विल विरघळला. एवढा मुलगा असणार तरी कसा! तिने ते पत्र बैठकीत विजयपताकेसारखं वाचून दाखवलं होतं. ट्रेंट नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची टर्की खायला घरी गेला तो परत आलाच नाही. त्यावर विदरबीत कुणी अवाक्षर काढलं नाही. व्हर्माँटमध्ये सभ्यपणा म्हणजे विसरल्याचं सोंग नीट वठवणं.

म्हणजे दुभाष्यालाच भाषा येत नव्हती.

"बरं, मला एक सांग," ती म्हणाली. "अर्जात तिने नुसतं 'चर्च' लिहिलंय. चर्चमध्ये ती करते काय?"

"मयताचं जेवण असतं तिच्याकडे."

"मदतीला असते?"

"नाही. तिच्याकडे असतं. तिची आजी करायची, तिचे गुडघे गेले. आता सिग्ने बघते."

"आणि बाकीच्या बायका?"

"ऐकतात."

"व्हर्ना?"

"व्हर्नासुद्धा."

आर्डिसने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. दफनानंतर सगळ्या गावाला जेवू घालणारं ते चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिला पक्कं ठाऊक होतं. तिथे राज्यक्रांती होत नाही; तिथे फक्त वारसाहक्क चालतो, आणि तोही रडतखडत. तिच्या आईला पावांना लोणी लावण्यापासून हॅम कापण्यापर्यंत बढती मिळाली तेव्हा आर्डिसचं लग्न होऊन गेलेलं होतं. आईने ती बातमी खास फोन करून कळवली होती. आणि व्हर्ना ही ती बाई, जिने नव्या पाद्र्याला कॉफीच्या मोठ्या भांड्याला हात लावल्याबद्दल त्याच्याच प्रवचनानंतर सुनावलं होतं.

"ऑर्विल, हे तू लिहिलं का नाहीस?"

"जेवण आहे ते. पोरीने स्वतः लिहिलं नाही, तर मी कशाला चहाडी करू?"

"मी इथे सांगितलं तर चालेल?"

"खरं आहे ते खरं आहे," ऑर्विल म्हणाला. "जोरात सांगू नकोस म्हणजे झालं."

शेवटच्या दिवशी रेडिएटरवर तिघांच्याच वस्तू होत्या. केंड्रिकचा पेला पहिल्या फेरीतच उतरला. त्याचा ब्रुकलिनचा बुद्धिबळपटू पुन्हा हरला, आणि त्याने पेला दप्तरात टाकला. मग डेल्फिनने हातमोज्याकडे बोट केलं.

"बोल, आर्डिस."

"ते लोक कमी बोलतात, हे सोडून," केंड्रिक म्हणाला. आवाज मात्र मऊ होता. त्याचं स्वतःचं दुःख ताजं होतं.

"ते सोडून," आर्डिस म्हणाली. "तुझा प्रश्न बरोबर होता. आधी ट्रेंटबद्दल बोलते."

डेल्फिनने वर पाहिलं. बाकीच्यांनी खाली पाहिलं.

"ट्रेंटला मी आत आणलं. पत्र लांबलचक होतं म्हणून आणलं. परवा त्याच शिक्षकाला विचारलं, तेव्हा कळलं की तो लांब पत्र कच्च्या पोरांसाठी लिहितो, त्यांना टेकू म्हणून. पक्क्यांना टेकू कशाला, असं त्याचं म्हणणं. मी तिकडची म्हणून मिरवते, आणि मी त्याचं पत्र तुमच्यासारखंच वाचलं. तो पोरगा इथे अडीच महिने एकटा रडला असेल, त्याचा धनी मी आहे."

कुणीतरी पेनचं टोपण लावलं.

"म्हणजे आता नियम काय?" केंड्रिक म्हणाला. चेष्टा नव्हती, तो खरंच विचारत होता. "पत्र जितकं आखूड तितकी मुलगी मोठी?"

"असा नियम केलास तर पुढच्या वर्षी तुझ्या शाळा कोरे कागद पाठवतील. नियम एवढाच, की मी फोन करायला हवा होता. ट्रेंटच्या वेळीही." मग तिने मयताच्या जेवणाचं सांगितलं. जोरात नाही. आजीचे गुडघे, तळघर, व्हर्ना. "दुःखाचं घर, जेवायला किती येतील याचा पत्ता नाही, आणि दुप्पट तिप्पट वयाच्या बायका तिला विचारून पाव कापतात. कुणी तिला नेमलेलं नाही. मी त्या तळघरात वाढले. तिथे बिशपचंही कुणी ऐकत नाही."

"हे तर सरळ नेतृत्व आहे!" केंड्रिक उसळला. "कार्यक्रम-व्यवस्थापन! तिने उपक्रमांत हे पहिल्या क्रमांकावर..."

"तिच्यासमोर असं म्हणू नकोस. ती अर्ज मागे घेईल."

डेल्फिनने विचारलं, "साधारण किती माणसं असतात जेवायला?"

"मेलेला माणूस कसा होता त्यावर आहे."

डेल्फिनच्या तोंडाची एक बाजू हलली. "आमच्याकडे माझी मावशी बघायची," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नव्हे. "मला फक्त खुर्च्या लावू द्यायची." आणि मग नेहमीच्या आवाजात, "ही मुलगी परत गेली तर, आर्डिस?"

"तर माझा हातमोजा पुन्हा तिथे दिसणार नाही."

"हात वर करा."

पहिला केंड्रिकचा. त्याच्यामागे आणखी दोन. एक हात या वेळी चष्म्याकडे न वळता सरळ वर गेला. डेल्फिनने आधी मोजले, मग पेन खाली ठेवून स्वतःचाही उचलला. गरज नसताना उचलला, ही गोष्ट कार्यालयात पुढे बरेच दिवस बोलली गेली. आर्डिस रेडिएटरपाशी गेली. आठवडाभर शेकून हातमोजा पापडासारखा कडक झाला होता. तिने तो तसाच हातात चढवला.

निकाल जाहीर होईपर्यंत अधिकाऱ्यांनी तोंड उघडायचं नसतं, आणि तिने उघडलं नाही. जाहीर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नॉर्डालहून फोन आला. इतक्या वर्षांत ऑर्विलने आपण होऊन फोन केलेला नव्हता. त्या धक्क्यात हवामानसुद्धा राहून गेलं.

"सिग्नेला कळलं," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"बस सुटायची होती. 'बरं' म्हणाली."

"बस एवढंच?"

"दोनदा म्हणाली."

आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं. मेपलच्या झाडाखाली चिखल होता आणि कुणीही हसत बसलेलं नव्हतं.

"येतेय म्हणाली ती," ऑर्विल पुढे म्हणाला. "एक विचारायला सांगितलंय. ती प्रयोगशाळा. संध्याकाळी उघडी असते, असं तू म्हणाली होतीस."

"असते," आर्डिस म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की रसायनाच्या इमारतीत आपण आजवर कधी पाऊलही टाकलेलं नाही.

त्या दिवशी काम संपल्यावर ती दोन्ही हातमोजे घालून टेकडी चढली. इमारतीचं मोठं दार उघडं होतं. जिना चढून ती प्रयोगशाळेपाशी आली. आत दिवे नव्हते. दाराला कुलूप होतं, आणि काचेवर वेळेची पाटी: नऊ ते पाच. आर्डिसने तरी मूठ फिरवून पाहिली. नॉर्डालच्या कपाटाचीसुद्धा मूठ अशीच फिरत असणार.

सकाळी ती रसायनाच्या विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली. प्राध्यापक अंबर्सन हे कोट खुंटीला अडकवत होते. ते बाईंना तोंडओळखीपुरतं ओळखत.

"सप्टेंबरपासून तुमची प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी राहणार आहे," आर्डिस म्हणाली.

"काय? ती पाचला बंद होते. देखरेखीला माणूस लागतो, खर्च मंजूर व्हावा लागतो. कोण म्हणतं उघडी राहणार?"

"मी म्हणते. ऑक्टोबरातच सांगून बसलेय," आर्डिस म्हणाली, आणि हातमोजे काढून त्यांच्या रेडिएटरवर ठेवले. दोन्ही.